पॉइंटाच्या पुढचं

इकबालभाई, मी अजून चिडलेलीच आहे, हे आधी सांगून टाकते. गेलेल्या माणसाशी गोड बोलावं म्हणतात. तुम्ही होतात तेव्हाही मला ते जमलं नाही, आता काय जमणार. मयतीच्या दिवशी दर्यापूरच्या गाडीतून उतरून तुमच्या घरी आले, बायकांत जाऊन बसले, भाभींचा हात हातात घेतला, आणि आधी रडू आलंच नाही. राग आला. तुमचा राग आला, त्या रक्ततपासणी शिबिराच्या चिठ्ठीवरच्या एका आकड्याचा आला, आणि तो आकडा ज्याने छापला त्या मी कधीही न पाहिलेल्या माणसाचाही आला. रडू परतीच्या गाडीत आलं आणि वलगाव येईपर्यंत थांबलं नाही. शेजारच्या बाईंनी न विचारता मला खिडकीजवळची जागा दिली.

लोक विचारतात, ते तुमचे कोण होते. पटकन उत्तर देता येत नाही. अमरावतीत एका झेरॉक्सच्या दुकानावर आपलं ऑफिस, त्यात दोन टेबलं, मालक उगवले तर उगवले, आणि आपण दोघं सरकारी कचेऱ्यांना डेटाबेसमधून रिपोर्ट काढून देणारे. मी तिवशाची, तुम्ही दर्यापूरकडचे, रोज एसटीने येऊन-जाऊन. कुणी विचारलं की इथे काय चालतं, तर तुम्ही सांगायचात, "आमी भांडतो. मधात टाइम भेटला तं काम करतो."

खोटं नव्हतं ते. आणि भांडणाचा विषयही ठरलेला. पॉइंटाच्या पुढच्या आकड्यांचं काय करायचं.

सुरुवातच तिथून झाली होती. मी नवी होते. विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासून प्रयोगशाळा आकडे पाठवायची, आपण त्यांचा गाववार रिपोर्ट करायचो. तो रिपोर्ट तुमचा होता. फ्लोराइडचा आकडा शून्य पॉइंट आठ असला की तुमच्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला आकडे मागायच्या हुकमात, पॉइंटाआधीचा शून्य गळून नुसता पॉइंट आठ छापला जायचा. त्यात प्रिंटरची रिबिन म्हातारी. पॉइंट उमटलाच नाही, आणि एका गावच्या विहिरीत चक्क आठ फ्लोराइड निघालं. त्या गावचे चार जण जिना चढून आले, त्यांना वाटलं कुणी पाण्यात काही कालवलं. तुम्ही त्यांना बसवलंत, चहा मागवलात, सगळे कागद परत घेतलेत आणि प्रत्येक पॉइंट निळ्या पेनाने गिरवून त्याच्याआधी एकेक शून्य लिहीत बसलात. मी म्हटलं, "भाई, क्वेरीत नऊच्या जागी शून्य लिहिला असता तर हाताने लिहावा लागला नसता." आकडा कसा दाखवायचा याचा साचा असतो, त्यात नऊ लिहिला की यंत्र बिनकामाचा शून्य गाळतं, शून्य लिहिला की दाखवतं. तुम्हाला ते माहीत होतंच. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुमच्यासाठी ठेवलं होतं ते बोलनं." पुढे कितीतरी वर्षं मी तुम्हाला त्या आठवरून छळलं आणि तुम्ही छळू दिलंत.

शेवटच्या शून्यावर मात्र आपलं कधी जमलं नाही. एक पॉइंट पाच असेल तर मी एक पॉइंट पाच शून्य दाखवायची. माझं म्हणणं, पॉइंटाच्या पुढच्या दुसऱ्या घरापर्यंत कुणीतरी मोजलं आणि तिथे शून्य निघाला, ही माहिती आहे, ती फेकायची कशाला. तुम्ही म्हणायचात, ती माहिती तुमच्या-माझ्या कामाची. गावातल्या माणसाला एवढंच हवं असतं, की हे पाणी प्यावं की नाही. त्याच्यासमोर चार आकडे ठेवले की तो एकही वाचत नाही. साठवताना कणभरही सोडायचं नाही, दाखवताना समोरच्याला झेपेल तेवढंच दाखवायचं. तुमचं सगळं शहाणपण या दोन वाक्यांत मावायचं आणि ते मला अर्धंच पटायचं.

तुमचा तिसरा नियम मात्र मलाही मान्य होता. पॉइंट काढायचाच असेल तर आकडा गोल करायचा, कापायचा नाही. एक पॉइंट नऊ गोल केला तर दोन होतो, कापला तर एक उरतो. गोल केलेल्यात थोडं इकडचं तिकडे होतं, कापलेल्यात मात्र माणूस सरळ फसतो. आपल्या धंद्यातला कुणीही कापणार नाही, अशी तुमची श्रद्धा होती. नमाज चुकवायचात एखाद वेळी, या श्रद्धेला तुम्ही कधी धक्का लागू दिला नाही.

मग ती वाईट वर्षं आली. आपल्याकडच्या प्रत्येक रस्त्यावर पांढऱ्या गाड्या फिरायला लागल्या, मुंबईची पथकं, दिल्लीची पथकं, आणि प्रत्येकाला एका पानावर मावणारा रिपोर्ट हवा. कापूस किती, पाऊस किती, विहिरी किती, आणि जीव देऊन शेतकरी मेले किती. तो शेवटचा रिपोर्ट आपल्याकडे आला त्या दिवशी तुम्ही डबा उघडला नाही. तालुकावार, दर महिन्याची सरासरी मागितली होती. मी सवयीने दोन घरांपर्यंत सरासरी काढली आणि कागद तुमच्यासमोर ठेवला.

"माणूस पॉइंटात मरते काय, वंदनाबाई?"

मी म्हटलं, भाई, सरासरी आहे, ती अशीच येणार. गोल केली तर काही तालुक्यांत शून्य दिसेल, आणि शून्य दिसलं की तिकडे कुणी फिरकणार नाही. तुम्ही म्हणालात, मग सरासरी देऊच नका, नावं द्या. नावं कुणाला हवी होती. आपण दुपारभर भांडलो आणि शेवटी कागदावर सरासरीही गेली आणि तिच्याखाली तुम्ही जोडलेला, कुणी न मागितलेला, पूर्ण माणसांचा रकानाही गेला. कचेरीतल्या साहेबांनी तो रकाना खोडून परत पाठवला. तुमचं बरोबर होतं की माझं, मला आजही ठरवता येत नाही. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही मला स्टँडपर्यंत सोडायला आलात, एवढं आठवतं.

पथकांच्या मागून शिबिरं आली. तुमचं गाव पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातलं. तिथलं पाणी पिऊन वाढलेल्या माणसाला खारं कशाला म्हणतात तेच कळत नाही, असं तुम्ही सांगायचात. तुमच्या डब्यातली डाळ कायम कडक, आणि मी भाभींच्या हाताला नाव ठेवलं की तुम्ही म्हणायचात, तिचा हात चांगला हाय, पानी वाईट हाय. पाण्याचे कितीतरी रिपोर्ट आपण काढले, त्यांत तुमच्याही गावाची विहीर होती. तुम्ही तिच्या ओळीवरून पुढे सरकायचात. तुमच्या वडिलांचे पाय सुजले होते आणि त्यानंतर ते फार दिवस राहिले नव्हते, हे तुम्ही मला एकदाच, ते पण दुसऱ्याच काहीतरी बोलता बोलता सांगितलं होतं.

गावात रक्त तपासायचं शिबीर आलं त्या दिवशी तुम्ही रजा टाकून रांगेत उभे राहिलात, तुमच्या मागे भाभी. काही दिवसांनी छापील चिठ्ठ्या आल्या. तुम्ही तुमची चिठ्ठी मिरवत ऑफिसात आणलीत आणि माझ्या टेबलावर आपटलीत. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट काम करते की नाही ते सांगणारा आकडा. त्यापुढे छापलं होतं, एक.

मी चिठ्ठी वरपासून खालपर्यंत पाहिली. हिमोग्लोबिनला पॉइंट नाही, क्रिएटिनिनला पॉइंट नाही. ज्या आकड्यात पॉइंटाच्या पुढेच सगळं असतं, तोच असा बोडका. मी म्हटलं, "भाई, याचा पॉइंट कुठे गेला?"

तुम्ही म्हणालात, "सायबानं सांगतलं असंन का पॉइंट दाखवू नका. मीबी तेच केलं असतं. राउंड केलं असंन, म्हंजे दीडच्या आतच हाय."

दीडच्या आत म्हणजे काही चांगलं नव्हे, सव्वाच्या आत हवा, हे मी बोलले. मग विचारलं, आणि कापलं असेल तर? कापलं असेल तर हा एक दोनला टेकलेला असू शकतो.

तुम्ही हसलात. "इतका येडा कोन असते आपल्या लाइनीत?"

तुम्ही ते इतक्या सहज म्हणालात की मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण मी गप्प बसणारी नव्हे. राजापेठेतल्या लॅबमध्ये जाऊन या म्हणून मागे लागले. आज म्हणालात उद्या, उद्या म्हणालात ईद होऊ द्या, ईद झाल्यावर म्हणालात, मॅडम, माझ्या किडनीचा रिपोर्ट तुम्हाला कोणत्या साहेबाने मागितला आहे? तुमच्या चपलेचा पट्टा पायात रुतायला लागला होता. मी तेही बोलून दाखवलं. तुम्ही चपला बदलल्यात.

हेच मला सुटत नाही, भाई. दुसऱ्याच्या रिपोर्टमधली चूक तुम्ही दारातून ओळखायचात. स्वतःच्या चिठ्ठीवरचा तो बोडका एक तुम्हाला दिसला नसेल, हे मी मानत नाही. तुम्हाला दिसला. तुम्हाला वडिलांचे पाय आठवले. आणि घाबरलेल्या माणसाला एखादी फांदी हवी असते ती तुम्हाला आपल्याच धंद्यात सापडली, की आपले लोक कापत नाहीत. तुमचा त्या न पाहिलेल्या माणसावर खरंच विश्वास होता, की तुम्ही विश्वासाचं सोंग घेतलं होतंत? मी हे कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही चहा मागवला असता.

पुढचं सगळं उताराने गेलं. दोन-अडीच वर्षं काढलीत तशीच, मग अन्न नकोसं झालं, ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि तुमच्या मोठ्या भावांनी, युसूफभाईंनी तुम्हाला उचलून अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आकडा सांगितला तेव्हा पॉइंटाच्या पुढचं सांगितलंही नाही. आता त्याने काही फरक पडत नव्हता. पाण्यामुळे झालं का, असं युसूफभाईंनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, तसं मला लिहून देता येणार नाही, पण तुमच्या भागातले पेशंट माझ्याकडे फार आहेत.

डायलिसिसच्या खाटेवर तुम्हाला पाहिलं तेव्हा भांडायला तोंडच उघडलं नाही. हात एवढा बारीक झालेला आणि त्यात ती जाड सुई. तुम्हीच सुरुवात केलीत.

"कापलं असंन त्याईनं, वंदनाबाई."

मी तुमच्या अंगावरची चादर सारखी केली. तुम्ही म्हणालात, "आजच तं बोला. आज तुमी जितले." मी म्हटलं, मला नको हे जिंकणं. मग तुम्ही यंत्राकडे पाहत हळूच म्हणालात, "डेटाबेसच्या टेबलात पुरा आकडा असंन. फक्त छापताना गेला असंन तो. बाकीच्याईचा काढा. लय लोकं उभे होते त्या लायनीत."

एवढं एकच काम तुम्ही मला सांगितलंत इतक्या वर्षांत. आणि ते तुमच्या हयातीत झालं नाही. शिबीर ज्यांनी घेतलं त्यांची योजना संपली होती, छापणारे दुसरीकडे गेले होते, एक जण दुसऱ्याकडे बोट दाखवायचा आणि दुसरा पुन्हा पहिल्याकडे. मी फेऱ्या मारत राहिले. तुम्ही गेलात, त्याच्या पुढच्या आठवड्यात शिबिरवाल्यांच्याच कचेरीतल्या एका बाईंनी मला कपाटातून सीडी काढून दिली. म्हणाल्या, मॅडम, हे तुम्हाला दिलं म्हणून सांगू नका. मी सांगत नाही, भाई, तुम्हीही सांगू नका.

तुमचंच खरं निघालं. साठवताना कुणी काही सोडलं नव्हतं. टेबलात प्रत्येकाचा आकडा जसाच्या तसा होता. छापायच्या क्वेरीत एका ठिकाणी दशांशाचा पूर्णांक केलेला, आणि ते करताना गोल करायच्या ऐवजी सरळ कापलेला. एका शब्दाची चूक. चूक नव्हे, आळस. कुणीतरी घाईत असेल, साहेब डोक्यावर उभे असतील, पॉइंट नकोत म्हणत असतील. मला त्या माणसाला शिव्या द्यायच्या होत्या. पण स्क्रीनवर तुमचं नाव आलं, पुढे एक पॉइंट नऊ आला, आणि शिव्या राहूनच गेल्या. समोरची तुमची खुर्ची रिकामी होती, आणि हे आधी तुम्हाला सांगावं असंच पहिल्यांदा मनात आलं.

मग तुम्ही सांगितलेलं केलं. ज्यांना एक छापून मिळाला होता आणि खरा आकडा हवा त्यापेक्षा जास्त होता, ती नावं वेगळी काढली. नव्या चिठ्ठ्या छापल्या. या वेळी पॉइंट दाखवले आणि शेवटचा शून्यही ठेवला. माफ करा. खाली मोठ्या अक्षरांत तुमच्या पद्धतीचं एक वाक्यही टाकलं, की पुन्हा रक्त तपासा, लवकर. या चिठ्ठ्यांत तरी आपलं जमलं.

नावांत भाभीही होत्या. एक पॉइंट तीन. तेव्हाचा. आज किती, ते कुणालाच माहीत नव्हतं.

गावात गेले. युसूफभाईंनी घरोघरी हिंडायला सोबत केली. काही जणांनी चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली, एक म्हातारा म्हणाला की आता कशाला सांगता, एका घरी चिठ्ठी घ्यायला माणूसच उरला नव्हता. शेवटी तुमच्या घरी आलो. भाभी आतल्या खोलीत इद्दतीत बसलेल्या. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही. मी चिठ्ठी पुढे केली आणि म्हटलं, भाभी, अकोल्याला जाऊ, उद्याच. त्या म्हणाल्या, इद्दत झाली का जाईन. युसूफभाई म्हणाले की बीमारीसाठी परवानगी आहे, मी मौलानांना विचारून आलो. भाभींनी नाही म्हणून मान हलवली. परवानगी असेल, पण त्यांच्यासाठी मला एवढंच करता येतं आता, ते तरी पुरं करू द्या, म्हणाल्या.

मला तुमच्यासारखा राग आला. म्हणजे तुमच्यावर यायचा तसा. तुम्हीही ईद होऊ द्या म्हणाला होतात. पण भाभींच्या चेहऱ्यावर पळवाट नव्हती, भाई, तुमच्यासाठीची माया होती, आणि तिच्याशी कसं भांडतात ते मला येत नाही. मी अंगणात आले, दर्यापूरच्या लॅबला फोन लावला आणि म्हटलं, पेशंट येणार नाही, तुम्ही या, बाई माणूस पाठवा, रिक्षाचं मी बघते. दुपारी सिस्टर आली. भाभींनी पदर सावरून हात पुढे केला. उंबरा ओलांडला नाही आणि रक्तही गेलं.

दुसऱ्या दिवशी मी तिथेच होते. लॅबवाल्याचा फोन आला. म्हणाला, "दीड-पावणेदोन धरा, मॅडम."

मी म्हटलं, "धरायचं नाही. आहे तेवढं सांगा."

कागद चाळल्याचा आवाज आला. "एक पॉइंट पाच आठ."

मी तो तसाच्या तसा भाभींना सांगितला. आणि सांगितलं, की चांगला नाही, पण वेळ आहे. औषध आहे, पाणी बदलता येतं, डॉक्टर घरी आणता येतो. मी बोलत सुटले होते. भाभींनी विचारलं, त्यांचा किती होता त्या वेळी, शिबिरात. मी सांगितलं, एक पॉइंट नऊ.

त्यांनी दोन्ही आकडे एकदा स्वतःशी म्हणून पाहिले.

"म्हंजे लायनीत मी अजूनबी त्याईच्या मांगंच उभी हाये."

मी त्यांचा हात धरला. "मांगंच राहाजा, भाभी," मी म्हटलं. "अजून लय वर्षं मांगंच राहाजा."